आग बघितलेली माती

मित्रांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही ज्या उंचवट्यावर दप्तरे टाकून बसता, तो नुसता मातीचा ढिगारा नाही. ती मी आहे. मी पाव भाजायची एक जुनी भट्टी आहे. तुम्ही माझ्या पाठीवरून घसरता, माझ्या तोंडात चेंडू लपवता, आणि परवा तुमच्यातल्या एकाने माझ्या कपाळावर गुळगुळीत जागा बघून कंपासच्या टोकाने आपले नाव कोरायला घेतले. मी रागावले नाही. भट्टीने राग कोणावर धरायचा? सगळा ताप आधीच पोटात घेऊन झालेला असतो. पण ती जागा रिकामी नाही रे बाळांनो. ती कोणाची आहे, हे सांगायचे तर सगळी कहाणीच सांगावी लागेल. जरा टेका. चेंडू कुठे पळून जात नाही.

ही जागा म्हणजे तेव्हा एका घराचे परस होते. त्या घरात एक कुंभार राहत. गल्लीतले लहानथोर त्यांना बाबा म्हणत. बाबांचे बोलणे फार मोजके. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "भाऊजींच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं!" देवाची करणी अशी, की त्यांची बायको मात्र दोघांच्या वाटचे बोलणारी होती. बाबा चाकावर मडके घडवत. मग ओल्या फडक्याने त्यावर असा काही शेवटचा हात फिरवत, की त्यांच्या बोटाची एक रेघसुद्धा मागे राहत नसे. ते म्हणत, "भांडं दिसावं, हात दिसू नये." आणि ते मडके वाळायला फळीवर गेले, की बायको हळूच येऊन त्याच्या काठावर आपला अंगठा दाबायची.

"ही माझी सही," ती म्हणायची. "घाम तुमचा, नाव माझं!"

सगळ्या खुणा पुसणाऱ्या बाबांनी ती एक खूण मात्र कधी पुसली नाही.

त्यांना एक मुलगी होती. साळुंकीसारखी दिवसभर बडबडायची, म्हणून आई तिला साळू म्हणे. साळू अगदी लहान असताना आईने बाबांकडून हट्टाने एक उतरंड करून घेतली. उतरंड म्हणजे मडक्यावर मडके, खाली घागरीएवढे आणि वर चढत जाताना लहान लहान होत गेलेले. सगळ्यात वरचे मडके मुठीएवढे होते. त्याच्या काठावर आईने आपला अंगठा दाबला, आणि शेजारी साळूचे इवलेसे बोट धरून तेही दाबले. "घ्या. आता दोघींची सही झाली."

पुढच्या थंडीत आई तापाने गेली. उतरंड माळ्यावर गेली. तिच्यात कधी कोणी दाणा ठेवला नाही की पाणी भरले नाही. साळू अधूनमधून शिडी लावून वर चढायची, मुठीएवढ्या मडक्यावरच्या त्या खुणेत आपले बोट घालून बघायची. बोट वाढत गेले. मग ते मावेना. मग ती आईच्या अंगठ्याच्या खुणेत आपला अंगठा घालू लागली.

तुम्ही म्हणाल, भट्टी आपली गोष्ट सोडून मडक्यांची का सांगते? सांगते, सांगते. ती माझीच गोष्ट आहे.

साळू मोठी झाली, लग्न होऊन गेली. सासरी पावाचा धंदा होता. तिथे ती कणिक भिजवायला, फुगवायला, भाजायला शिकली. हाताला इतका गुण, की तिच्या पावाची कड मोडली तर आवाज शेजारच्या खोलीत जायचा. आणि एके दिवशी दुपारी ती एक पिशवी घेऊन बाबांच्या दारात उभी राहिली. का आली ते तिने सांगितले नाही. बाबांनी विचारले नाही. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. शिंपीणकाकूंना मात्र राहवले नाही.

"काय गं, कायमची की कसं?"

"सासरचे म्हणाले, तुझ्यामुळे जागा अडते," साळू हसून म्हणाली. "म्हणून मोकळी करून दिली."

हसून म्हणाली खरे, पण त्या रात्रीपासून साळुंकीची किलबिल निम्म्यावर आली.

बाबांचे चाक तेव्हा बंदच होते. प्लॅस्टिकच्या बादल्या आणि स्टीलचे पिंप आल्यावर मडकी कोण घेतो? साळूने मनाशी ठरवले, परसात भट्टी घालायची आणि पाव विकायचे. पण भट्टी घालायची कशाची? जवळचा वीटकारखाना केव्हाच बंद पडला होता. आग सोसणाऱ्या खास विटा दूरच्या शहरात मिळत, आणि त्या आणायच्या म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला. हाताशी होते ते इतकेच: परसातली पिवळी माती, ओढ्याची वाळू, सुतारकाकांकडचा लाकडाचा भुसा. साळूने तेवढ्यावरच घाईघाईने एक भट्टी उभी केली. बाबा उंबऱ्यावरून बघत होते.

"नुसती माती आहे ती," ते म्हणाले. "आग बघितलेली माती घाल तिच्यात."

"बाबा, माती ती माती. तिला काय आणि आग काय!"

पहिला जाळ घातला, आणि तासाभरात तडाड आवाज झाला. तोंडापासून पाठीपर्यंत भेग गेली आणि एक कूस बसकन खाली आली. पातेल्यात फुगलेली कणिक तशीच आंबून गेली. मित्रांनो, ती माझी थोरली बहीण. एक दिवसाचेही आयुष्य तिला लाभले नाही.

साळू राखेत हात घालून बसून राहिली. "नशीबच फुटकं, भट्टी बिचारी काय करेल?" दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. दूरच्या शहरात बिस्किटांच्या कारखान्यात बायका लागत होत्या; राहायला खोलीही मिळे, एका खोलीत सहाजणी. तिथे गेलेली बाई पुन्हा परत येत नाही, हे गल्लीला ठाऊक होते.

बाबा दारात आडवे उभे राहिले. "एकदा मी बांधतो. माझी फुटली, तर जा."

"अगं बाई!" भिंतीपलीकडून शिंपीणकाकू म्हणाल्या. "भाऊजी एका दमात एवढं बोलले! साळू, थांब गं, पाऊस पडायचा नाहीतर!"

साळूने पिशवी खुंटीला अडकवली. रिकामी केली नाही, अडकवली. बाबांनी ते बघितले. त्या दिवसापासून भट्टी टिकते की फुटते हा प्रश्नच राहिला नव्हता. लेक राहते की जाते, हा होता.

मग खापरांचा शोध सुरू झाला. फुटकी कौले, तुटक्या कुंड्या, उकिरड्यावरचे तुकडे. जे जे मातीचे आणि भाजलेले, ते ते हवे. बाबा कामाला लागले की त्यांच्या जिभेचा गंजही थोडा सुटायचा. खापर कुटता कुटता ते लेकीला सांगत, "कच्ची माती आग पहिल्यांदाच बघते बघ. ती घाबरते, आक्रसते, फाटते. भाजलेल्या खापराचा चुरा तिच्यात असला, की तो तिला धीर देतो. त्याचं भिऊन झालेलं असतं."

शिंपीणकाकूंनी आपले गळके मडके आणून दिले. "घे बाई. नाहीतर मी कोणाला राखसुद्धा देत नाही."

"राखही द्या काकू," साळू म्हणाली, "तीपण लागते."

खरेच लागली. माझ्या तळाखाली बाबांनी राख आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या अंथरल्या, म्हणजे ऊब जमिनीत झिरपून जाऊ नये. त्यावर सपाट कौलांचे तुकडे बसवून तळ केला. इथवर सगळे जमले. पण घुमटाच्या मातीला चुरा कमी पडला. बाबा मातीची वळी करून बोटाला गुंडाळून बघत. वळी तडकायची. पुन्हा थोडा चुरा, पुन्हा वळी, पुन्हा तडा. गल्लीतले खापर संपले. शेजारची गल्लीही पालथी घालून झाली. जिकडे तिकडे चिनीमातीच्या बशा आणि प्लॅस्टिक. साऱ्या जन्मात ज्याने हजारो मडकी घडवली, त्याला एक टोपलीभर खापर मिळेना.

एका दुपारी साळू सुतारकाकांकडे भुसा आणायला गेली. बाबांनी शिडी लावली.

ऐका बाळांनो, इथून पुढे माझ्या स्वतःच्या आठवणी सुरू होतात. बाबांनी उतरंड एकेक करून खाली आणली. प्रत्येक मडके गोधडीत गुंडाळले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि वरून हातोडा घातला. मडके फुटताना गोधडीतून दबका उसासा यायचा. मग तुकडे लोखंडी खलात. खलबत्ता थांबायचा आणि पुन्हा चालायचा, थांबायचा आणि पुन्हा चालायचा. अंगठ्याची खूण असलेला प्रत्येक तुकडा ते आधी डोळ्यांसमोर धरत आणि मग खलात टाकत. चाळणीतून लाल पीठ खाली पडत होते. त्यात आईचे अंगठे होते. त्यात मी होते.

शेवटी मुठीएवढे मडके उरले. ते त्यांनी फोडले, पण काठाचा तो तुकडा काही खलात गेला नाही. एका अंगठ्याची आणि एका इवल्या बोटाची खूण शेजारी शेजारी. तो त्यांनी कमरेला खोचला. आणि पिवळ्या मातीत लाल चुरा मिसळून पायांनी तुडवू लागले. तुडवता तुडवता पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"तिला कळलं, तर ती इथे काडी लावायची नाही. आईच्या अंगावर जाळ कोण घालील? तेव्हा गप्प राहायचं. मी पण, तू पण."

मला काय, गप्प राहणे अवघड नव्हते. बाबांनी मला चांगले कमानदार तोंड दिले, पण जीभ दिली नाही.

साळू परतली तेव्हा माती मळून तयार होती. वळी बोटाला गुंडाळली. तडा गेला नाही. "बाबा, कुठून मिळालं खापर?" तिने विचारले. बाबा म्हणाले, "मिळालं." त्यांच्या तोंडचा एवढाच शब्द म्हणजे नेहमीचाच, म्हणून तिने पुढे विचारले नाही.

मग दोघांनी ओल्या वाळूचा ढीग घुमटासारखा थापला. त्यावर भिजवलेले वर्तमानपत्र चिकटवले, आणि त्यावर खालून वर मातीचे गोळे रचत गेले. एक गोळा बाबांचा, एक साळूचा. बाहेरून भुसा मिसळलेल्या मातीची जाड गोधडी पांघरली. कमान बांधताना साळू पाणी आणायला वळली, तेव्हा बाबांनी तो तुकडा माझ्या कपाळावर, तोंडाच्या बरोबर वर बसवला, आणि वरून पातळ लिंपण देऊन हात फिरवला. गुळगुळीत. साळू जेव्हा जेव्हा पाव सारायला वाकणार होती, तेव्हा तेव्हा तिचे कपाळ त्या तुकड्यासमोर येणार होते.

त्यांनी मला वाळवले ते आजाऱ्याला जपावे तसे. वर सावली, अंगावर ओली पोती. मांजर जवळ आले तरी बाबा काठी घेऊन उठत. वाळल्यावर साळूने माझ्या पोटातली वाळू पळीपळीने बाहेर काढली. मग काटक्यांचा एवढासा जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, तिसऱ्या दिवशी त्याहून मोठा. आणि मग खरा जाळ. माझे पोट आधी काजळीने काळे झाले, आणि ताप चढत गेला तशी ती काजळी जळून घुमट आतून पांढराशुभ्र झाला. साळू कान लावून बसली होती, आता तडकेल, मग तडकेल. मित्रांनो, मला भीती वाटली नाही का? पिवळी माती थरथरत होती. पण माझ्यातली लाल माती तिला म्हणाली, भिऊ नको, मी ही आग बघितली आहे.

एक चीर गेली नाही.

पहिले पाव बाहेर आले. सोनेरी, टरारून फुगलेले. साळूने एक पाव मोडला, कडेचा आवाज आला, आणि किती महिन्यांनी ती खळखळून हसली. "बाबा! बघा तरी बाबा!" खुंटीवरची पिशवी तिने काढली आणि भराभरा रिकामी केली. बाबांचे डोळे भरून आले. एवढ्यात ती म्हणाली, "थांबा. पहिला पाव आईच्या मडक्यात ठेवते," आणि गरम पाव पदरात घेऊन शिडी चढली.

मी इथून तिला बघू शकत नव्हते. पण शिडीवरून उतरणारी पावले ऐकली. चढणारी आणि उतरणारी पावले एकाच बाईची वाटत नव्हती.

"बाबा, उतरंड कुठंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग जमिनीकडे.

"विकली."

"विकली? कुणाला?"

"होता एक. जुन्या वस्तू घेतो."

"आईची उतरंड? का पण?"

मित्रांनो, ज्याला खोटे बोलायची सवय नसते, त्याच्या हाताला नेमका सगळ्यात वाईट शब्द लागतो. बाबा म्हणाले, "जागा अडत होती."

साळूचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचे नाही. पाव तिच्या पदरात गार झाला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मीही अडवतेच की जागा. मला कधी विकता?"

आणि तिने अबोला धरला. ती घर सोडून गेली नाही, कारण आता तिच्याकडे भट्टी होती. बाबांनी लेकीला घरात ठेवण्यासाठी मला बांधले, लेक घरात राहिली, आणि बाबांना मात्र ती मिळाली नाही. माणसाची युक्ती कुठे जाऊन फळते बघा.

पाव गाजले. दवाखान्यातून, शाळेतून, चार गल्ल्यांपलीकडून माणसे येत. "भट्टी कोणी बांधली हो?" कोणी विचारले की साळू म्हणे, "आहेत घरातलेच." सगळ्यांशी तिचे गोड बोलणे. बाबांशी बोलायचे झाले तर माझ्याकडे तोंड करून बोलायची.

"भट्टीबाई, सांगा त्यांना, जेवण वाढलंय."

बाबाही माझ्याकडेच बघून म्हणत, "सांग तिला, येतो."

"काय गं," शिंपीणकाकू भिंतीवरून ओरडत, "भट्टीला जीभ फुटली की तुझी झडली?" गल्ली हसायची. हळूहळू गल्लीला सवय झाली, आणि हसणेही थांबले. दोन माणसे एकाच घरात, एकमेकांचे ताट झाकून ठेवणारी, आणि मध्ये निरोप्या कोण? जिला सगळे ठाऊक आणि बोलता येत नाही, ती मी. साळू रोज वाकायची. तिचे कपाळ माझ्या कपाळासमोर यायचे. मध्ये बोटभर माती. मी तापून तापून सांगायचे, अगं खरवड, नखाने खरवड नुसते. तिला वाटे आज जाळ जास्त झाला.

कपाळावरचे लिंपण सगळ्यात आधी उकलते, कारण जाळ तिथूनच बाहेर झेपावतो. म्हणून दरवर्षी एकदा बाबा ते नव्याने लिंपत. त्या कामाला कोणाला हात लावू देत नसत. एका वर्षी लिंपायच्या आधी ते थांबले. तुकड्याची कड उघडी दिसत होती.

"साळू," त्यांनी थेट हाक मारली. "इकडे ये जरा. हे बघ, इथे..."

साळू कणिक तिंबत होती. तिचे हात क्षणभर थांबले. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भट्टीबाई, सांगा, मला वेळ नाही."

बाबांनी ओला हात फिरवला. गुळगुळीत.

पुढे त्यांना दम लागू लागला. थंडी सोसेना. साळूने त्यांची खाट परसात पडवीखाली, माझ्या पाठीला लावून टाकली, म्हणजे ऊब लागेल. बोलत नव्हती, पण ऊब देत होती. रोज पहिला पाव त्यांच्या उशाशी ठेवी. बाबा एक हात माझ्या अंगावर ठेवून पडून राहत. कधी अंगठ्याने माझी पाठ हळू थोपटत. कोणाची पाठ थोपटत होते, ते मला आणि त्यांनाच ठाऊक.

एका सकाळी पाव आत होते. बाबा क्षीण आवाजात म्हणाले, "भट्टीबाई, सांग तिला... माझा राग नाही तिच्यावर."

साळूने ऐकले. पाव सारायच्या फावडीवरचा तिचा हात थांबला. इतक्या वर्षांनी ती माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघू लागली. ओठ हलले. पण पाव करपायला आले होते. तिने घाईने ते बाहेर ओढले, त्यातला उत्तम निवडला, फडक्यात घेतला, आणि खाटेपाशी येऊन बसली.

"बाबा," ती म्हणाली. थेट. "गरम आहे. खाता का थोडा?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. हात गरम होता. म्हणून ती बोलतच राहिली. आज पाव कसा फुगला, काकू काय म्हणाल्या, लहानपणी साळुंकी बोलायची तसे भरभर, सगळे साचलेले. "रागावले होते हो मी. अजून आहे थोडा राग. पण सांगा ना, का विकलीत? काहीतरी कारण असेल ना?" किती वेळाने तिने दुसरा हात धरला, जो माझ्या अंगावर नव्हता. तो थंडगार होता.

मित्रांनो, पहिल्या हातातली ऊब माझी होती. मी आयुष्यात कोणाला फसवले नाही, पण त्या सकाळी माझ्या उबेने त्या लेकीला फसवले.

त्या वर्षी माझे कपाळ कोणी लिंपले नाही. साळूच्या ध्यानीच आले नाही. ते काम बाबांचे. लिंपण उकलत गेले, पापुद्रे सुटले, आणि एका दुपारी पाव सारताना मातीचा खपला खाली पडला. साळू चडफडली. तो उचलायला वाकली. वर बघितले.

अंगठ्याची खूण. शेजारी इवले बोट.

तिने आपला अंगठा त्या खुणेत घातला. बरोबर बसला. मग तिने खपल्याबरोबर सुटलेली माझ्या घुमटाची ढलपी उचलून उन्हात धरली. पिवळ्या मातीत लाल कण. कुंभाराची लेक ती. तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ती माझ्यापुढे खाली बसली, माझ्या तोंडात डोके घातले, आणि जो आवाज तिने माझ्या पोटात केला, तो आजही तिथेच आहे. तुम्ही चेंडू काढायला आत वाकता ना, तेव्हा कधी घुमल्यासारखे वाटते. तो तोच.

"बाबा, मी लावली असती हो काडी," ती म्हणाली. "आईनं नाही म्हटलं नसतं. मीही नसतं म्हटलं. सांगून तर बघायचं!"

शिंपीणकाकू भिंतीपाशी आल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता उभ्या राहिल्या.

मग साळू उठली आणि माझ्या अंगावरून हात फिरवू लागली. तळापासून, कुशीवरून, पाठीवरून. ती बाबांची खूण शोधत होती. एखादे बोट, तळव्याची एखादी रेघ, नखाचा ओरखडा. काहीच सापडेना. तिने थापलेल्या बाहेरच्या मातीवर तिची बोटे जागोजाग उमटली होती. पण बाबांनी थापलेला प्रत्येक भाग गुळगुळीत. ज्याने मला इतके घडवले, त्याचा हात माझ्यावर कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने माती कालवली. तुकडा होता तिथेच ठेवला, पण झाकला नाही. त्याच्या भोवतीने लिंपले. एका बाजूला स्वतःचा मोठा झालेला अंगठा दाबला. दुसऱ्या बाजूला तळव्याएवढी जागा ओल्या फडक्याने गुळगुळीत करून मोकळी सोडली.

"ही तुमची," ती म्हणाली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "अडू दे जागा."

आणि तिने काडी लावली. नंतर बरीच वर्षे लावत राहिली. रोज पहिला पाव खाटेच्या जागी ठेवी, आणि गल्लीतले जे कोणी म्हातारे माणूस आधी येईल त्याला देई. पुढे तिचे हात थकले. रस्त्याच्या तोंडाशी विजेवरच्या भट्टीचे चकचकीत दुकान आले. तिने जाळ बंद केला. एका थंडीत ती माझ्या पाठीला टेकून बसली, बाबा टेकत तशी. तिला द्यायला माझ्यात तेव्हा ऊब नव्हती, मित्रांनो. माझे सगळे आयुष्य ऊब देण्यात गेले, आणि तिला हवी होती तेव्हा मी गार होते. हे दुःख मला भेगेपेक्षा मोठे आहे.

ती गेली. घर पडले. परसाची भिंत गेली आणि मी रस्त्याकडेला आले. आता तुम्ही येता, बरे वाटते. खुशाल बसा, घसरा, चेंडू लपवा. माझी माती झिजली तर झिजू द्या. एक मात्र ऐका. माझ्या कपाळावर काजळीखाली तीन खुणा आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक गुळगुळीत जागा आहे. तिथे नाव कोरू नका. तिथे आधीच एक नाव आहे, फक्त ते दिसत नाही.

आणि घरी जाल तेव्हा, तुमच्याकडे कोणी कमी बोलणारे असेल, तर त्याच्या एका शब्दावर परतू नका. आणखी एकदा विचारा. तुमच्या मनात काही असेल तर भट्टीला सांगू नका, ज्याचे आहे त्याला सांगा. पाव करपला तर करपू द्या. दुसरा भाजता येतो.